पोट ही सार्वजनिक मालमत्ता

मुंबईच्या लोकलमध्ये अनोळखी माणूस तुम्हाला एकच प्रश्न विचारतो : "कुठे उतरणार?" या प्रश्नात तुमच्याविषयी काडीचीही आस्था नसते, आस्था असते ती तुमच्या सीटविषयी. 'कुर्ला' म्हणालात तर तो तुमच्या गुडघ्याला गुडघा लावून उभा राहतो. 'कल्याण' म्हणालात तर त्याच्या लेखी तुम्ही मेलात. या शाळेत वाढलेला माणूस इंदूरच्या स्टेशनाबाहेर उभा असतो आणि मागून कोणीतरी विचारतं, "कहाँ जा रिये हो, भिया?" माणूस दचकतो आणि बॅग घट्ट धरतो. इथे सीट तर नाही. मग याला हवंय तरी काय?

मी 'राजवाडा' म्हणालो. त्याने मला आपादमस्तक न्याहाळलं.

"नाश्ता हुआ?"

नाही म्हणताच राजवाडा रद्द झाला.

इंदुरात पत्ता विचारणारा उपाशी राहत नाही आणि मुक्कामीही पोचत नाही. होळकरांचा राजवाडा चांगला सात मजली आहे, खाली दगडी आणि वर लाकडी. आगीत एकदा नव्हे, तीनदा होरपळूनही तो उभा आहे. एवढी ठळक खूण दुसऱ्या कुठल्या शहरात असती, तर सगळ्या पत्त्यांची सुरुवात तिच्यापासून झाली असती. इथे उलट. राजवाडा कुठे, तर अमक्या कचोरीवाल्याच्या पुढे. कचोरीवाला कुठे, असं विचारलंत तर समोरचा माणूस तुमच्याकडे काळजीने बघतो, आणि मग स्वतःच सोबत येतो.

पोह्यांच्या गाडीवर एक पथ्य पाळावं : 'पोहे आमच्याकडेही असतात' हे वाक्य उच्चारू नये. मी उच्चारलं. शेजारच्या गृहस्थांनी बशी खाली ठेवली, माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "हओ, होते होंगे." एवढी सहानुभूती मला आजवर फक्त दवाखान्याच्या बाहेर मिळाली आहे. मग त्यांनी समजावून सांगितलं. उकळत्या पाण्याच्या भांड्यावर पातेलं ठेवून पोहे वाफेवरच गरम ठेवायचे, वर कांदा, मूठभर शेव आणि जीरावण नावाचा मसाला घालायचा, आणि हे सगळं खाता खाता मधेच जिलेबीचा तुकडा मोडायचा. मी आधी पोहे संपवून मग जिलेबीला हात घालत होतो. पलीकडून एक कॉलेजकुमार कळवळून ओरडला, "अंकल, साथ में, साथ में!" ज्या मुलाने मला जन्मात पाहिलं नव्हतं, त्याला माझ्या पोटातला क्रम चुकलेला बघवेना.

जिलेबीचा कागद हातातून निसटला, तर एका बाईंनी हाक मारली, "भाईसाहब, आपका कुछ गिर गया." पडलेलं पाकीट परत करावं, तशा अदबीने! २०१७ पासून वर्षानुवर्षं स्वच्छतेत देशात पहिला नंबर काढणारं शहर ओरडत नाही. ते तुमची वस्तू तुम्हाला परत करतं. कागद खिशात ठेवून मी कचरापेटी शोधत निघालो. ती मात्र कोणालाही न विचारता सापडली.

फोनवर घरच्यांशी मराठीत बोललो, ते तर महागातच पडलं. १८१८ साली होळकरांची राजधानी महेश्वरहून इंदूरला आली, तेव्हापासून इथे मराठी घरं पिढ्यान्‌पिढ्या नांदताहेत आणि त्यांचे कान तयार आहेत. दुकानात रांगेत उभ्या असलेल्या एक आजी वळल्या. "मराठी बोलून राहिले ना तुम्ही? कुठले?" मी ठाणे म्हणालो. त्यांना ठाणे नको होतं. आडनाव, मूळ गाव, आईचं माहेर या क्रमाने तपास सुरू झाला आणि माझा नंबर यायच्या आत देवासच्या कोण्या जावेमार्फत मी त्यांचा दूरचा भाचा निघालो. भाचा ठरल्यावर नमकीन कोणतं घ्यायचं हा निर्णय माझ्याकडे उरला नाही. लवंग शेव मी घेतली असं म्हणणं बरोबर नाही. ती मला घ्यायला लावली.

सगळ्यात कठीण प्रसंग शिकंजी पिताना आला. इंदूरची शिकंजी म्हणजे लिंबूपाणी नव्हे, आटवलेल्या दुधाचा, सुका मेवा घातलेला दाट प्रकार. पिताना बोलता येत नाही, त्यामुळे माणूस आयताच श्रोता होतो. बाकावरच्या काकांना मी मुंबईकडचा असल्याचं कळलं आणि त्यांचा चेहरा पडला.

"१९४५ की फायनल," ते म्हणाले.

मला वाटलं, घरातली काही दुःखद घटना असावी. एका अर्थी होतीच. रणजीच्या अंतिम सामन्यात होळकर संघ मुंबईकडून हरला होता. मुश्ताक अलींनी दोन्ही डावांत शतकं ठोकली. महूच्या छावणीत नेमणुकीवर असलेला इंग्लंडचा डेनिस कॉम्प्टन होळकरांकडून खेळला आणि नाबाद २४९ काढून उभा राहिला. तरी हरले, कारण तिकडे विजय मर्चंटने २७८ केल्या होत्या. हे सगळं काकांच्या जन्माआधीचं. पण वडिलांनी तो पराभव इस्टेटीसारखा त्यांच्या नावावर करून ठेवला होता. पुढे होळकरांनी चारदा रणजी जिंकली, याची मी नम्रपणे आठवण करून दिली. "वो ठीक है," काका म्हणाले, "पर मर्चंट को इतने बनाने की क्या जरूरत थी?"

मुंबईच्या वतीने मी मान खाली घातली. पैसे द्यायला उठलो तर काकांनी माझा हात धरला. भांडण जुनं असलं तरी पाहुण्याने पैसे द्यायचे नाहीत. मी जोर केला, त्यांनी जास्त केला. शेवटी दुकानदाराने निकाल दिला, "आपके नहीं चलेंगे." माझी नोट खरी होती.

सराफ्याबद्दल किती लिहावं! दिवसा सोन्याचांदीचा बाजार, रात्री त्याच दुकानांच्या पायऱ्यांवर भुट्टे का कीस, गराडू, मालपुवा. रात्रभर गर्दी राहिली की दुकानांची राखण आपोआप होते, म्हणून सराफांनीच हे चालू दिलं, असं तिथे सांगतात. मला ते पटतं. एवढ्या लोकांनी "ये खाया क्या?" विचारल्यावर चोराचे हात मोकळे राहणार कुठून? चोरी विसरून तो द्रोण धरून उभा राहील.

मध्यरात्र उलटल्यावर रिक्षा केली. हॉटेलचं नाव सांगितलं. दोन वळणं घेऊन ती एका कढईसमोर थांबली.

"उतरो भिया, गरम गुलाबजामुन निकल रिये."

"और किराया?"

"रुकने का नहीं लेते अपन."

मी हात जोडले, पोटाकडे बोट दाखवलं, तिळाएवढीही जागा नाही म्हणालो. रिक्षावाला विचारात पडला. माझी अडचण त्याला मनापासून पटली होती.

"तो पार्सल करा लो," तो म्हणाला, "सुबे पोहे के पेले खा लेना."