मणाचे श्लोक

माझ्या वडिलांची तहसील कचेरीतील नोकरी बदलीची असल्यामुळे, आणि प्रत्येक बदलीबरोबर मुलाची शाळाही बदलावी हे त्यांच्या शिस्तप्रिय स्वभावास मानवत नसल्यामुळे, १९६३ सालच्या जून महिन्यात एक वळकटी, एक पत्र्याची पेटी आणि वऱ्हाडात चौदा वर्षे बिनतक्रार वापरलेली एक जीभ एवढा ऐवज घेऊन मी मूर्तिजापुराहून पुण्यास मावशीच्या घरी दाखल झालो. वळकटी व पेटी यांस कोणी हरकत घेतली नाही. जिभेवर मात्र दुसऱ्याच दिवशी मंडईत जप्ती आली. 'पाच पैशांचा सांबार द्या,' असे मी भाजीवालीस मोठ्या अदबीने म्हणालो. समोर कोथिंबिरीची हिरवीगार रास दिसत असता तिने मला नखशिखान्त न्याहाळले आणि म्हणाली, 'सांबार उडप्याकडं मिळतंय बाळा, हितं भाजी मिळती.'

शाळेतील प्रकरण याहून गंभीर होते. आमच्या इयत्तेच्या सरकारमान्य तुकड्यांखेरीज मुलांनी परस्पर पाडलेल्या आणखी दोन तुकड्या वर्गात नांदत होत्या. पुढच्या बाकांवर सदाशिव, नारायण व शनिवार या पेठांतील वकील, वैद्य आणि प्राध्यापक यांचे चिरंजीव विराजमान होत. मागच्या बाकांवर नाना व भवानी या पूर्वेकडील पेठांतील, ज्यांचे वडील हाताने काहीतरी करीत, अशी मुले बसत. या दोन संस्थानांची सरहद्द एका अक्षराने आखलेली होती. पुढे 'पाणी' प्यायले जाई, मागे 'पानी'. नळ मात्र एकच होता.

माझी अडचण अशी की, उच्चार मागच्या बाकाचे आणि महत्त्वाकांक्षा पुढच्या बाकाची. तेव्हा मी रात्री, मावशीच्या घरची निजानीज झाल्यावर, जिभेचे टोक टाळूकडे वळवून त्या मूर्धन्य वर्णाची उपासना आरंभिली. उपासना फळास आली. परंतु 'ण' कोणास द्यावयाचा आणि कोणास नाही याचा दाखला मजजवळ नसल्याने, नव्याने श्रीमंत झालेला मनुष्य जसा दिसेल त्या याचकास दक्षिणा वाटीत सुटतो, तसा मी तो वाटू लागलो. माझा काण दुखू लागला, दुपारी ऊण पडू लागले.

अशा अवस्थेत मी वक्तृत्वस्पर्धेत नाव घातले. विषय समर्थ रामदास. पहिल्या दोन वाक्यांत ओळीने तीन शुद्ध 'ण' निर्विघ्न पार पडल्याने माझा आत्मविश्वास बळावला आणि मी हात उंचावून गर्जना केली, 'समर्थांनी मणाचे श्लोक लिहिले!' परीक्षक म्हणून बसलेल्या आमच्या मराठीच्या गुरुजींनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. 'रावसाहेब,' ते शांतपणे म्हणाले, 'श्लोक दोनशे पाच आहेत. मण हे वजन सरकारने गेल्याच वर्षी बंद केले. तेव्हा क्विंटलात सांगा.'

मॅट्रिक होईपर्यंत माझे नाव क्विंटल राहिले.

पुढच्या बाकांवरील हास्य ओसरण्यापूर्वीच मागच्या बाकावरील एका मुलाने, स्वतःही मनसोक्त हसून घेतल्यानंतर, बाजूला सरकून जागा केली. 'बस की. हितं कुनी वजन करीत न्हाई.' हा एका कंपोझिटरचा मुलगा. सुट्टीत तो बापाबरोबर छापखान्यात खिळे जुळवी आणि 'न' कोणत्या खणात, 'ण' कोणत्या, हे त्याची बोटे डोळे मिटून सांगत. साहित्य महामंडळाचे १९६२ चे नवे शुद्धलेखननियम गुरुजींच्या अंगवळणी पडायचे होते, आणि सवयीने दिलेला एखादा अनुस्वार ते फळ्यावरून चोरट्या हाताने पुसत, त्या काळात या मुलाची वही तांबड्या शाईस पारखी होती. एवढे ज्ञान पदरी असून तू 'पानी' का म्हणतोस, असे मी त्यास एकदा न राहवून विचारले. 'ण छापायचं पैसं मिळत्यात,' तो म्हणाला, 'बोलायचं कोन देतंय?'

याच्या उलट दिशेनेही एक स्थलांतर झाले. शनिवार पेठेतील एका नामांकित वकिलाचा मुलगा कबड्डीच्या नादाने मागच्या बाकांत वतनदार झाला आणि सहा महिन्यांत घरी 'कुनी सांगितलं?' असे उलट विचारू लागला. वकीलसाहेबांनी रीतसर चौकशी करून सारा ठपका घरच्या मोलकरणीवर ठेवला. बिचारीचा गुन्हा एवढाच की ती त्याच भाषेत भांडी घासत असे. पुढे १९८९ साली पेनेलोपी एकर्ट या अमेरिकन विदुषीचा, डेट्रॉइटच्या उपनगरातील एका हायस्कुलाविषयीचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. शाळेतच ठिय्या देऊन बाईंनी पाहिले, तो तेथेही दोन संस्थाने: शाळेचे खेळ व मंडळे यांत रमणारे 'जॉक', आणि शाळेस पाठ व शहरास तोंड करून उभे असलेले 'बर्नआउट'. स्वर कसा काढावा हे मुले बापाच्या दर्जापेक्षा आपल्या कंपूकडे पाहून ठरवितात, असे बाईंस आढळून आले. हा ग्रंथ पंचवीस वर्षे आधी निघता, तर मोलकरीण निर्दोष सुटती.

दिवाळीच्या सुट्टीत मी गावी गेलो. स्टेशनावर न्यायला आलेल्या मित्रांपाशी मी केवळ पाणी मागितले, तो एकजण दुसऱ्यास म्हणाला, 'अबे, हा पोट्टा तं पुन्याचा सायेब झाला!' आणि तांब्या माझ्या हाती देण्याऐवजी त्याने तो लवून, दोन्ही हातांनी, नजराणा पेश करावा तसा पुढे केला. तो अपमान गिळून घरी पोहोचतो न पोहोचतो तोच आईने पिशवी हाती दिली, 'बजारातून सांबार आन बरं.' चार महिन्यांच्या विद्येचे ओझे मजवर होते. 'कोथिंबीर म्हणावं, आई,' मी म्हणालो. आईने चुलीवरचे भांडे उतरविले, पदराने हात पुसले आणि कमालीच्या सौजन्याने म्हणाली, 'बरं बाप्पा, कोथिंबीर आन. पन येतानी थोडा सांबारही आनजो.'