स्फूर्तीचे भिंग

ज्या भिंगाच्या योगे छायाचित्रे टिपण्याची ऊर्मी अनावर होते, ते भिंग नेहमी दुकानाच्या कपाटातच असते आणि आपल्या पेटीत दाखल होताच त्याची स्फूर्तिदायक सत्ता खालसा होते, हा या छंदाचा जुना दस्तूर आहे. आंरी कार्तिए-ब्रेसाँ या फ्रेंच गृहस्थाने बहुतेक हयात लायका कॅमेऱ्यावरील ५० मिलिमीटरच्या भिंगावर काढली. १९३२ साली पॅरिसच्या सँ-लाझार स्थानकामागे साचलेल्या पाण्यावरून झेपावणारा मनुष्य त्याने टिपला, तेव्हा नव्या भिंगाच्या खर्चास गृहखात्याची मंजुरी येईपर्यंत त्या मनुष्यास अधांतरी तिष्ठत ठेवण्याचे मात्र त्याला सुचले नाही. आमचे रसिक अधिक साक्षेपी: ते प्रथम विटांची भिंत टिपून चारी कोपऱ्यांच्या सुस्पष्टतेचा पंचनामा करतात, आणि मग घरचे मांजर एफ १.२ इतक्या उघड्या छिद्रावर असे टिपतात की पार्श्वभूमीबरोबर त्याचे कानही विरघळावेत.