मिठूचा खोकला

हर्सूलच्या माणसाला कायद्याचा धाक वेगळा शिकवावा लागत नाही. पत्ता सांगितला की समोरचा विचारतोच, "जेलच्या अलीकडे का पलीकडे?" आमच्या शेजारचे मामा जेलच्या बाहेर राहतात आणि पुढेही बाहेरच राहावं अशी त्यांची साधी इच्छा आहे. अडचण एवढीच की त्यांच्या मागच्या पडवीत पिंजरा आहे आणि पिंजऱ्यात मिठू. लाल चोच, गळ्यात गुलाबी कंठ, अस्सल देशी पोपट. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार असा पोपट घरात ठेवणं गुन्हा. त्या वेळी त्याची शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद, २५ हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. मूळचे ऑस्ट्रेलियातले बजरीगर ठेवले असते तर कुणी हटकलं नसतं. मे २०२० मध्ये साऱ्या देशाला 'व्होकल फॉर लोकल' व्हायला सांगितलं गेलं, तेव्हा मामांच्या घरातला एक जीव आधीपासूनच लोकल होता, व्होकल होता आणि बेकायदेशीरही होता.

व्होकलपणाचं प्रकरण मात्र त्याआधीच पेटलं होतं. मार्चमध्ये कुणालाही फोन लावला की आधी कुणीतरी खोकायचं आणि मग सरकार बोलायचं. मामींना फोन स्पीकरवर टाकून बोलायची सवय, आणि टाळेबंदीत त्यांनी माहेरच्या एकाही माणसाची चौकशी करायची बाकी ठेवली नाही. मिठूला वर्षानुवर्षं 'विठ्ठल विठ्ठल' शिकवलं, त्याने चोच उघडली नाही. हा खोकला मात्र त्याने बघता बघता उचलला. कोरडा, खोल, शेवटी जरा घरघर असलेला. शासनमान्य.

त्या दिवसांत गल्लीत एखाद्याने उधारी बुडवली तरी खपलं असतं, खोकला खपत नव्हता. ज्यांनी जनता कर्फ्यूच्या संध्याकाळी मामांच्या गच्चीला गच्ची लावून थाळ्या वाजवल्या, त्यांनीच पाळत ठेवून वर कळवलं. पथक आलं. "परदेश प्रवास?" मामा म्हणाले, "फुलंब्री." "खोकतं कोण?"

इथे मामांचं मोठेपण दिसतं. नोकरीभर पाटबंधारे खात्यात हिशेब केलेला माणूस. पोपट खोकतो म्हणावं तर तीन वर्षं, आपण खोकतो म्हणावं तर चौदा दिवस. "मीच," मामा म्हणाले आणि पुराव्यादाखल खोकून दाखवलं. मागून मिठूने जास्त चांगलं खोकून दाखवलं. "काकूंनाही आहे का?" पथकाने विचारलं, आणि दोघांच्याही डाव्या हातावर शिक्का बसला.

पुढे चौदा दिवस दूधवाला पिशवी भिंतीवर ठेवून पळायचा. नळाला कितव्या दिवशी पाणी येईल याचा नेम नसलेल्या शहरात मामा वीस-वीस सेकंद हात धुवायचे. आतल्या आत त्यांनी एक कायदेशीर सिद्धान्तही मांडला. मार्चअखेरीस राज्याने सात वर्षांपर्यंतच्या शिक्षेचे सुमारे ११ हजार कैदी पॅरोलवर किंवा जामिनावर घरी पाठवायचं ठरवलं होतं. आपला गुन्हा तीन वर्षांचा. म्हणजे पकडलो गेलो असतो, शिक्षा झाली असती, तरी या घडीला घरीच बसलो असतो. "मंग मी शिक्षाच भोगून राहिलो ना!" हे ते भिंतीवरून मला सांगायचे, तोंडाला मामींच्या जुन्या साडीचा मास्क लावून. वकिलांनी यात खोट काढली असती. मला सापडली नाही.

जूनमध्ये हर्सूल जेलातच कोरोना शिरला. बाधित कैद्यांना किलेअर्कच्या कोविड केंद्रात हलवलं आणि तिथून दोघे चादरींना गाठी मारून खिडकीवाटे पसार झाले. त्या दिवसापासून मामींनी चादरी गच्चीवर वाळत घालणं बंद केलं. जुलैत १० ते १८ शहर कडकडीत बंद. दूध मिळे, औषध मिळे, मिरची मिळेना. मिठूने हरभऱ्याची भिजवलेली डाळ वाटीसकट उलटवली आणि मामांना अस्सल औरंगाबादी हिंदीत जे सुनावलं ते छापता येत नाही. हे त्याला कुणी शिकवलं, यावर दोघंही एकमेकांकडे बघतात.

सप्टेंबरात 'माझे कुटुंब, माझी जबाबदारी'. आशाताई तापमापक घेऊन दारात. "काकू, घरात माणसं किती?" "दोन." आतून आवाज आला, "कौन है?" ताईंनी पेन थांबवलं. मामी तीस वर्षं मामांचा संसार सांभाळत आल्या आहेत, क्षणात म्हणाल्या, "थोरले दीर आहेत. म्हातारे. बाहेर निघत नाहीत." "जुना आजार?" "खोकला."

जबाबदारी तीन माणसांची लिहिली गेली. जानेवारी २०२१ मध्ये परभणीजवळच्या मुरुंब्याला कोंबड्या मेल्या, बर्ड फ्लू निघाला, तेव्हा ही नोंद फार उपयोगी पडली. वर्षभर माणसाचा खोकला वाईट होता. आता पक्ष्याचा वाईट झाला. गल्लीत कुजबुज झालीच, "मामांकडे काहीतरी पाळलंय म्हणे." मामांनी ठणकावून सांगितलं, "भाऊ आहे माझा!"

१ मार्चपासून साठीपुढच्यांना लस सुरू झाली. मामा-मामींनी पहिल्या आठवड्यातच टोचून घेतली. मग एका सकाळी फोन आला. यादीत तुमच्या घरचे एक ज्येष्ठ राहिलेत, त्यांना घेऊन या, सोबत आधार कार्ड आणा. मामींनी सवयीने स्पीकर लावला होता. पडवीतून खोकला आला.

"अगंबाई, फारच आहे हो त्यांना," पलीकडची मुलगी हळहळली. "आधार आहे ना पण?"

"कार्ड नाही बाई," मामी म्हणाल्या. "त्यांना आधार आमचाच."