आभाळाचा भाव

टेक्सासमधल्या फेअरव्ह्यू गावात निवासी भागातल्या इमारतींना ३५ फुटांची मर्यादा. मॉर्मन चर्चला मंदिराचा मनोरा हवा होता सुमारे १७४ फुटांचा. उंची हा म्हणे श्रद्धेचाच भाग! ऑगस्ट २०२४ मध्ये गावानं चक्क नकार दिला. मग जमीनवापराच्या नियमांपासून धार्मिक संस्थांना संरक्षण देणारा २००० सालचा संघीय कायदा आणि खटल्याचा खर्च गावाच्या डोळ्यांपुढे उभे राहिले. मंडईत कोथिंबिरीच्या जुडीवर चालते तशी घासाघीस झाली आणि एप्रिल २०२५ मध्ये १२० फुटांवर सौदा पटला. श्रद्धा ५४ फूट खाली उतरली, नियम ८५ फूट वर चढला. वकिलांच्या फीला मात्र कुठल्याच गावात उंचीची मर्यादा नसते.