लागलंच तर

आमच्या म्युनिकच्या गोतावळ्यात एक आप्पा आहेत. मूळचे साताऱ्याचे, वय पन्नाशीच्या अलीकडे, नोकरी सॉफ्टवेअरची आणि स्वभाव 'लागलंच तर'. गणपतीच्या आरतीला ते काडेपेटी आणतात, लायटर आणतात, आणि दोन्ही पेटत असताना वहिनींच्या पर्समध्ये आणखी एक काडेपेटी असते. तळ्याकाठी भेळ खायला निघालो तरी यांच्या पाठीवर दोरी. विचारलं तर म्हणतात, "असू दे रे. लागलीच तर."

अशा माणसाला जुनी डिझेल गोल्फ घ्यायची होती आणि तीत दोन जाती निघाल्या. एकीची पुढची दोनच चाकं ओढणार, दुसरीची चारही. इंजिन तेच, दोन लिटरचं, 150 अश्वशक्तीचं. तुम्ही-आम्ही पैसे मोजून मोकळे झालो असतो. आप्पांनी सात महिने घेतले.

पहिला फोन साताऱ्याला. "आई, टू-व्हील घ्यावी की फोर-व्हील, काही कळेना." आई म्हणाली, "एवढ्या थंडीत टू-व्हीलर कशाला रे? कानात वारं जाईल." पुढचा अर्धा तास समजावण्यात गेला. तरी तिनं मफलर पाठवलाच. स्वभाव कुठून आला ते कळलं.

गंमत म्हणजे याच आप्पांनी कॉलेजात असताना वडिलांच्या चेतकवरून, मागे मित्राला बसवून, भर आषाढात केळघरचा घाट चढलेला आहे. तिला चाकंच दोन आणि त्यातलं ओढणारं एक! हे मी काढलं की ते गंभीर होतात. "पण स्टेपनी होती," म्हणतात.

सात महिन्यांत त्यांचा अभ्यास मात्र पक्का झाला. "ही चार चाकांची म्हणतात ना, तीसुद्धा एरवी पुढच्याच चाकांवर चालते बरं का. पुढची घसरायला लागली की मागच्यांना निरोप जातो." म्हणजे मागची चाकं लग्नघरातल्या काकांसारखी, खुर्चीवर बसून असतात, हाक आली की उठतात. ही हाक पोचवणारा एक क्लच मध्ये असतो, तेलात बुडवलेल्या चकत्यांचा. ते तेल दर तीन वर्षांनी बदलायचं. शिवाय गाडी जड, म्हणून डिझेल जास्त. आणि चारही टायर सारखेच झिजलेले हवेत, म्हणून एक फाटला की पाकिटाला चार भोकं. हे सगळं त्यांनी एक्सेलमध्ये लाल रंगात मांडलं होतं. निळ्या रंगात एकच ओळ होती: 'बर्फात अडकलो तर'.

मी म्हटलं, आप्पा, चारही चाकं ओढली की गाडी निघते लवकर, थांबत नाही लवकर. ब्रेक सगळ्याच गाड्यांना चारी चाकांना असतात. थांबवतो तो टायर. इथले लोक 'ओ ते ओ' म्हणतात, ऑक्टोबर ते ओस्टर्न, म्हणजे ईस्टर. तेवढे महिने हिवाळी टायर चढवायचे आणि निवांत राहायचं. माझी दोन चाकी ओढीची गाडी दर हिवाळ्यात डोंगरातल्या गार्मिशला जाऊन येते.

"जाऊन येते खरी," आप्पा म्हणाले. "पण एखादे वेळी नाही आली तर?"

याला उत्तर नसतं. मग मी हुकमाचं पान टाकलं. डोंगरात निळी गोल पाटी लागली, की चाकांना साखळ्या बांधाव्याच लागतात, चारही चाकं ओढणारी असली तरी सुटका नाही. आप्पांचा चेहरा उजळला. "म्हणजे साखळ्यापण घ्यायला हव्यात!"

खरा पेच डिकीनं आणला. दोन चाकांवरच्या गाडीत 380 लिटर, चार चाकांवरच्या गाडीत 343. गेलेल्या 37 लिटरमध्ये साखळ्या, फावडं, दोरी आणि घोंगडी बसली असती. एक 'लागलंच तर' दुसऱ्याच्या जागेवर बसलं होतं. आप्पा आठवडाभर झोपले नाहीत. अखेर चार चाकं आली आणि घोंगडी वहिनींच्या पायाशी गेली.

त्यानंतर पालिकेनं रस्त्यांवर इतकं मन लावून मीठ टाकलं की मागच्या चाकांना हाकच गेली नाही. आप्पा हवामानाचा अंदाज वधूपित्यासारखा बघायचे.

मग 2 डिसेंबर 2023 उजाडला. शनिवार. शहरात 44 सेंटिमीटर बर्फ. विमानतळ बंद, रेल्वे बंद, ट्राम बंद. नऊलाच आप्पांचा फोन.

"कुणाला विमानतळावर सोडायचंय का?"

"बंद आहे."

"स्टेशनवर?"

"तेही बंद."

"ऑफिस?"

"शनिवार आहे, आप्पा."

पलीकडे शांतता. गॅरेजचा उतार त्यांनी पहाटेच फावड्यानं मोकळा केला होता. माझ्या बायकोला राहवेना. तिनं फोन घेतला. "आप्पा, आमच्याकडला हिंग संपलाय हो." आमच्या फडताळात हिंगाच्या तीन डब्या होत्या, त्यातल्या दोन आप्पांनीच दिलेल्या.

एरवीच्या वीस मिनिटांना दीड तास लागला. दारात आप्पा उभे, गुडघ्यापर्यंत बर्फ, कानाला साताऱ्याचा मफलर, हातात डबी. दुकानं बंद म्हणून घरातलीच आणली होती. चहा नको म्हणाले, गाडी खाली चालू ठेवलीय.

"तेवढं बाकीच्यांना फोन करून विचार," जिना उतरता उतरता म्हणाले, "कुणाकडे आणखी काही संपलंय का."