उमेदवाराचे जलधोरण

विधानसभेची उमेदवारी दाखल करणाऱ्या गृहस्थास नमुना २६ च्या प्रतिज्ञापत्रात धर्मपत्नीच्या सोन्यापासून सरकारी थकबाकीपर्यंत आणि प्रलंबित फौजदारी खटल्यांपासून स्वतःच्या विद्यार्जनापर्यंत सर्व काही शपथेवर नमूद करावे लागते. परंतु एखाद्या प्रश्नावर त्याचे काही मत आहे काय, आणि असल्यास ते स्थावर आहे की जंगम, हे विचारणारा रकाना त्यात कोठेही नाही. २००२ साली सर्वोच्च न्यायालयाने उमेदवाराची माहिती मिळण्याचा मतदाराचा हक्क मान्य केला, तेव्हा मत हीही मालमत्ता असू शकते, ही शक्यता न्यायमूर्तींच्या ध्यानी आली नसावी. किंवा आली असली, तरी अनुभवी माणसे असल्यामुळे त्यांनी ती सोडून दिली असावी.

आमच्या परिचयाच्या एका उमेदवाराचे मत निःसंशय जंगम आहे. मराठवाड्याच्या पश्चिम वेशीवरील त्यांच्या मतदारसंघात वरच्या अंगाची शेते नांदूर-मधमेश्वरच्या जलद कालव्यावर, तर खालच्या अंगाची जायकवाडीच्या फुगवट्यावर पिकतात. मेंढेगिरी समितीने २०१३ साली सुचविले आणि जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाने २०१४ साली फर्माविले, की १५ ऑक्टोबरला जायकवाडीचा उपयुक्त साठा ६५ टक्क्यांखाली असेल, तर नाशिक-नगरच्या धरणांतून पाणी सोडावे. सबब कालव्याकाठच्या सकाळच्या सभेत उमेदवार मजकुरांनी वरचा एक थेंबही खाली जाऊ न देण्याची शपथ घेतली, आणि फुगवट्याकाठच्या सायंकाळच्या सभेत हक्काचे पाणी खाली आणल्यावाचून फेटा न बांधण्याची. एका छिद्रान्वेषी वार्ताहराने विसंगती दाखविताच ते शांतपणे म्हणाले, ‘‘सकाळी मी पाणी जाण्याविषयी बोललो, सायंकाळी येण्याविषयी. जावक आणि आवक ही दोन बारनिशा निरनिराळ्याच असतात की नाही, ते कोणत्याही कचेरीत विचारा!’’ आणि ६५ टक्क्यांचे काय? ‘‘पासष्ट म्हणजे पहिला वर्ग. पहिल्या वर्गात आलेल्याने आणखी गुणांसाठी भांडू नये.’’

तथापि त्यांना स्थावर मत मुळीच नाही, असे म्हणणे अन्यायाचे होईल. सह्याद्रीपलीकडे वाहून जाणारे पश्चिमवाहिनी नद्यांचे पाणी गोदावरीच्या खोऱ्यात वळवावे, यावर ते अढळ आहेत, आणि त्यांचे प्रतिस्पर्धीही तितकेच अढळ आहेत. ते पाणी डोंगर चढून येणार कसे, त्याचे वीजबिल कोणाच्या नावे फाटणार, आणि कोणत्या सालचे बियाणे त्यावर रुजणार, हे प्रश्न उपस्थित होत नाहीत. कारण या योजनेत ज्या एकाच पक्षकाराचे पाणी तुटते, त्या अरबी समुद्राचे नाव कोणत्याही मतदारयादीत नाही.

गुंठेवारीविषयी त्यांचे धोरण उदार आहे. कायदा २००१ चा, त्याची मुदत पुढे ३१ डिसेंबर २०२० पर्यंत वाढविलेली. तेव्हा जी तारीख एकदा हलली ती पुन्हा हलेल, असा त्यांचा कयास असून तो कायद्याच्या इतिहासास धरून आहे. रस्त्यांबाबत ते ‘होईल’ एवढेच म्हणतात.

राहता राहिला पत्रकांचा प्रश्न. दोन काठांसाठी दोन जलधोरणे छापावीत की एकच मोघम छापावे, यावर कार्यकर्त्यांत दोन रात्री खल झाला. अखेर हिशेबनिसाने निर्वाळा दिला, की खर्चाची कायदेशीर मर्यादा ४० लाखांची आहे आणि दोन्ही धोरणे तीत आरामात बसतात. कालव्याच्या गावांसाठी कागद मात्र थोडा जाड घ्यावा, कारण तिकडे मते अधिक आहेत.