पाच वर्षांखालील मोफत

वहीच्या पहिल्या पानावर चार रकाने आखलेले होते: प्रवास, मुक्काम, जेवणखाण आणि बाळ. पहिल्या तीन रकान्यांत आकडे होते, चौथ्यात ठसठशीत शून्य. वही आखणारे गृहस्थ डोंबिवलीचे, नोकरी लेखा विभागात, त्यामुळे शून्यालाही पुरावा होता. एसटीत पाच वर्षांखालच्या मुलाला तिकीट नाही, रेल्वेतही नाही. लॉजच्या मॅनेजरने फोनवर सांगितलं होतं, ‘लहान लेकराचं काय घ्यायचं ओ!’ म्हणजे वीस महिन्यांच्या बाईसाहेब कायद्याने फुकट आणि व्यवहारानेही फुकट. ही वही बाईसाहेबांना कुणी वाचून दाखवली नव्हती, एवढीच त्यात कसर.

या घरात अष्टविनायक हप्त्याहप्त्याने चालले होते. मोरगाव आणि थेऊर बाईसाहेबांच्या जन्माआधीच उरकलेले. या डिसेंबरच्या हप्त्यात शिरूर तालुक्यातलं रांजणगाव आणि मग दौंडवरून सिद्धटेक. मुक्काम शिरूरला दोन रात्री, दौंडला एक. गृहस्थ, त्यांची बायको, आई आणि शून्य, एवढ्यांच्या चार दिवसांच्या जेवणखाणाला वहीत पंधराशे रुपये मंजूर झाले होते. ‘बाहेरचं खाणं महाग नसतं,’ असं गृहस्थांचं मत. ‘बेसावधपणा महाग असतो.’

सुरुवात तर झोकात झाली. 17 मार्च 2023 पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट आहे. त्यामुळे पुणे ते शिरूर हा प्रवास आजी अर्ध्यात, सूनबाई अर्ध्यात, बाईसाहेब फुकट आणि गृहस्थ पूर्ण, असा झाला. चार माणसांची दोन तिकिटं! या आनंदात त्यांनी स्टँडवर सगळ्यांना उसाचा रस पाजला आणि वाचलेल्या पैशांतला बराचसा तिथेच संपवला. आजी शिरूरला अजून ‘घोडनदी’च म्हणते. जुन्या माणसांच्या तोंडी गावाचं तेच नाव आहे आणि ती नदी गावाला लागूनच वाहते. कंडक्टरकडे तिने घोडनदीची तीन तिकिटं मागितली आणि ती बिनबोभाट मिळाली.

पाण्याच्या बाबतीत गृहस्थ फार पक्के. हॉटेलात बसून मागवलेल्या बाटलीला छापील किमतीपेक्षा जास्त पैसे लावता येतात, असा सर्वोच्च न्यायालयाचा डिसेंबर 2017 चा निकाल आहे. तेव्हा तिथे भांडण्यात अर्थ नाही, बाटली दुकानातूनच घ्यायची. सर्व्हिस चार्ज आपोआप बिलात घालू नये, अशी ग्राहक संरक्षण प्राधिकरणाची 2022 ची सूचना आहे, तीही त्यांना पाठ होती. शिरूरच्या खानावळीत सर्व्हिस चार्ज हा शब्द कुणी ऐकलेला नव्हता. तयारी करून गेलेल्या वकिलाला समोर आरोपीच सापडू नये, तसं त्यांचं झालं.

खानावळीत ताटं आली. बाजरीची भाकरी, ठेचा, आमटी आणि मासवडी. शिरूर-जुन्नरकडची ही मासवडी म्हणजे बेसनाच्या पोटात तीळ, खोबरं, कांदा-लसणाचा मसाला भरून केलेली वळकटी. चकत्या दिसतात माशासारख्या, पण मासळीचा तिच्याशी काही संबंध नाही. सोबतचा रस्सा लालभडक. भिंतीवर पाटी होती: ‘एका थाळीत दोघांनी जेवू नये.’ गृहस्थांनी पाटी वाचली आणि बाईसाहेबांकडे पाहिलं. हा ‘दोघां’मधला दुसरा कितव्या वर्षापासून धरायचा, हा मुद्दा त्यांना न्यायप्रविष्ट करण्याजोगा वाटला. बाईसाहेबांनी तोवर चारही दिशांना हात मारून तिन्ही ताटांतले पापड गोळा केले होते. पापड हे त्यांचं जेवण. भात म्हणजे चिकटवण्याची वस्तू.

तेवढ्यात वाढणाऱ्या मावशी आल्या. लेकराला तिखट चालणार नाही, हे त्यांना सांगावं लागलं नाही. वाटीत मऊ भात, त्यावर बिनफोडणीचं वरण, चमचाभर तूप, असं कालवून त्यांनी बाईसाहेबांसमोर ठेवलं. गृहस्थांनी घाईघाईने विचारलं, ‘याचे किती?’

‘कशाचे?’ मावशी म्हणाल्या. ‘तुम्ही जेवा, गार होतंय.’

वहीतलं शून्य कायम राहिलं. पण बाईसाहेबांनी त्या वाटीतले तीन घास खाल्ले आणि चौथा मावशींच्या पदराला पुसला. वीस महिन्यांच्या मुलाला दिवसाला साधारण हजार कॅलरी लागतात, हे सूनबाईंना डॉक्टरांनी सांगितलेलं. त्या रात्री त्यांनी मनातल्या मनात बेरीज केली: पापड, तीन घास आणि दुपारी बसच्या खिडकीचा चाटलेला गज.

दुसऱ्या दिवसापासून खोलीवरच काहीतरी करायचं ठरलं. गृहस्थांनी दीड हजार वॅटची किटली आणलेली होती. तिच्या बळावर पंधराशेचा अंदाज बाराशेवर आणायचा गुप्त बेत होता. पण किटलीची पिन जाड, सोळा अँपिअरची. खोलीतले तिन्ही सॉकेट बारीक. गादी उचलून, कपाट सरकवून, टीव्हीमागे हात घालून शोध झाला आणि शेवटी जाड सॉकेट सापडलं ते न्हाणीघरात, गीझरचं.

‘न्हाणीघरात खिचडी?’ आजीने विचारलं.

‘खिचडी नाही आई, फक्त पाणी उकळायचं. खिचडी थर्मासमध्ये होईल.’

‘मोरीत उकळलेलं पाणी माझ्या नातीला?’

‘मोरीचं नाही, मोरीत उकळलेलं.’ हा फरक आजीला मान्य झाला नाही. पंढरपूरच्या वारीत तीन दगडांच्या चुलीवर पन्नास माणसांचा भात लावणाऱ्या बाईला तो मान्य व्हावा, ही अपेक्षाच चूक.

किटलीचं एक शास्त्र आहे. पाणी उकळलं की वाफ बारीक वाटेने खाली जाते, तिथे दोन धातूंची चिकटवलेली चकती असते. ती तापून वाकते आणि खटका पडतो. पण उकळी पिण्याच्या कामाची व्हायची तर ती मिनिटभर खळखळायला हवी आणि हा खटका तर पहिल्या बुडबुड्याला पडतो. यावर उपाय म्हणजे झाकण उघडं ठेवायचं. वाफ वर निघून जाते, चकती तापत नाही, किटली उकळत राहते. गृहस्थ हे सगळं न्हाणीघराच्या उंबऱ्यात उकिडवे बसून, घड्याळ हातात धरून समजावत होते. मिनिटाची पंचेचाळीस सेकंदं झाली आणि मजल्यावरचे सगळे दिवे गेले. पलीकडच्या खोलीत कुणीतरी त्याच वेळी गीझर लावला असावा. मॅनेजर टॉर्च घेऊन वर आला. न्हाणीघरातली वाफाळती किटली, तांदूळ-मुगाची पुरचुंडी आणि उकिडवे बसलेले गृहस्थ या सगळ्यांवरून त्याने टॉर्च सावकाश फिरवला. ‘खोलीत स्वयंपाक करू नये’ ही पाटी त्याच्या मागेच होती. ती त्याने दाखवली नाही, हा त्याचा मोठेपणा.

खिचडी मात्र झाली. अर्धा तास भिजवलेली तांदळाची कणी आणि मूगडाळ, त्यावर थर्मासमध्ये ओतलेलं कडकडीत पाणी, हळद-मीठ, झाकण गच्च आणि दीड तास हात लावायचा नाही. थर्मास काही शिजवत नाही, उष्णता फक्त राखून ठेवतो. पण कणी राखलेल्या उष्णतेवरही शिजते. आसट, गरम, घरच्या वासाची खिचडी. खर्च जेमतेम पंधरा रुपये. गृहस्थांनी पहिला चमचा विजयाने पुढे केला. बाईसाहेबांनी तोंड घट्ट मिटलं, मान फिरवली आणि दारात उभ्या असलेल्या मॅनेजरच्या हातातल्या बिस्किटाकडे बोट दाखवलं.

मग खिचडी आजीने खाल्ली. ‘चांगली झालीय,’ असं ती म्हणाली आणि ती मोरीतल्या पाण्याची आहे हे जणू विसरली.

रांजणगावला दर्शन निवांत झालं. थोरल्या माधवरावांनी बांधवून घेतलेल्या गाभाऱ्याकडे पाहण्याऐवजी बाईसाहेबांनी बाहेरच्या पेढ्याच्या दुकानाकडे सर्व भक्ती वळवली. तिथून परतताना दुपारच्या जेवणाची वेळ टळली होती. गृहस्थांनी शिवभोजन थाळीचा विषय काढला. 26 जानेवारी 2020 ला सुरू झालेली दहा रुपयांची थाळी: दोन चपात्या, 100 ग्रॅम भाजी, 100 ग्रॅम वरण, 150 ग्रॅम भात. ग्रॅमसुद्धा तोंडपाठ. आजीने रस्त्यातच थांबून त्यांच्याकडे पाहिलं. ‘अरे, ती गरिबांसाठी आहे. तू गरीब नाहीस. तू चिकट आहेस.’

हा विषय पुन्हा निघाला नाही.

सकाळच्या दुधाची सोय लॉजसमोरच्या टपरीवर लागली. पिशवीतलं दूध न्यायचं, टपरीवाला ते चहाच्याच पातेल्यात गरम करून द्यायचा. पातेलं विसळायचा, पण आल्याची आठवण काही पातेल्यातून जात नसे. घरी दुधाला तोंड न लावणाऱ्या बाईसाहेबांनी ते आल्याच्या वासाचं दूध पेलाभर संपवलं आणि रिकामा पेला पुन्हा टपरीवाल्यासमोर धरला. सूनबाईंनी आणलेलं नाचणीचं सत्त्व पुडीतच राहिलं. तेही शास्त्र फुकट गेलं. मोड आणून केलेल्या सत्त्वात धान्याच्या स्टार्चचं थोडं विघटन आधीच झालेलं असतं, म्हणून पीठ जास्त घातलं तरी पेज घट्ट होत नाही, लहान पोटात जास्त ऐवज जातो. ऐवज पोटापर्यंत जायला तोंड उघडावं लागतं.

तिसऱ्या दिवशी न्हावरामार्गे चौफुल्याला उतरले. पुढची गाडी पाऊण तासाने होती आणि वाऱ्यावर गुळाचा वास येत होता. दौंड तालुक्यात हंगामात गुऱ्हाळं रात्रंदिवस चालतात. रस्त्यालगत एक होतंच. चुलाणात उसाची चिपाडं जळत होती, वर भल्यामोठ्या काहिलीत रस उकळत होता. भेंडीच्या झाडाची साल पाण्यात चोळून काढलेला बुळबुळीत रस काहिलीत पडला की मळी वर येते. ती झाऱ्याने काढत राहायचं. बाईसाहेब आजीच्या कडेवरून हे सारं तोंड उघडं टाकून पाहत होत्या. नेमकं तेव्हाच गुळव्याने वाटीत थोडी काकवी घालून दिली.

आजीने शांतपणे आपली कापडी पिशवी उघडली. घरून निघताना तिने दशम्या केल्या होत्या, दुधात मळलेल्या, पाण्याचा थेंब नाही, म्हणून टिकाऊ. तीन दिवस त्या कुणाला दाखवल्या नव्हत्या. ‘तुमच्या किटलीचं काय होतंय ते बघत होते,’ असं तिने नंतर सांगितलं. दशमीचा तुकडा काकवीत बुडवला आणि बाईसाहेबांचं तोंड आपोआप उघडलं. एक, दोन, तीन… दीड दशमी! काकवी हनुवटीवरून गळ्यात, गळ्यातून फ्रॉकमध्ये आणि फ्रॉकमधून आजीच्या लुगड्यात. गुळव्याने पैसे घेतले नाहीत, तेव्हा गृहस्थांनी भिडेखातर दोन किलो गूळ आणि लिटरभर काकवी विकत घेतली. बाळाच्या रकान्यातल्या शून्यामुळे झालेला पहिला मोठा खर्च तो हा.

सिद्धटेकचं दर्शन दुसऱ्या सकाळी झालं. भीमेवर आता पूल आहे. पूर्वी शिरापूरहून नावेने जावं लागे, आणि आजीच्या मते तेव्हाचं दर्शन खरं.

परतीची गाडी दौंडहून. दौंड हे रेल्वेचं मोठं जंक्शन. मनमाडकडून पुण्याला जाणाऱ्या गाडीला इथे इंजिन काढून उलट्या टोकाला लावावं लागायचं. तेवढ्या वेळात चहा, वडे, पुरी-भाजी, सगळं डब्याच्या खिडकीशी येई. आता बऱ्याच गाड्या कॉर्ड लाइनवरून जंक्शनला वळसा घालून निघून जातात. सोलापूरकडून येणाऱ्यांना मात्र ही इंजिनाची भानगड नाही, गाडी थांबते ती थोडकीच. उशीर झालेल्या गाडीची वाट पाहताना बाईसाहेबांना भूक लागली. दशम्या संपल्या होत्या.

वीस रुपयांचा इकॉनॉमी खाना मध्य रेल्वेने 2024 मध्ये ज्या स्थानकांवर आणला, त्यांत दौंडही आहे. सात पुऱ्या, बटाट्याची सुकी भाजी, लोणच्याची पुडी. गृहस्थांनी दोन पाकिटं आणली, चाळीस रुपये, आणि रेल नीर 14 रुपये. हिशेबात आलेलं हे चार दिवसांतलं सर्वात देखणं बिल. त्यांनी वही काढली आणि लिहू लागले. बाईसाहेबांनी एक पुरी उचलली, फुगवट्यात बोट घालून वाफ काढून टाकली आणि खाल्ली. मग दुसरी. मग तिसरी बटाट्यासकट. सूनबाई अवाक. आजी पदराने वारा घालत म्हणाली, ‘तिला पुरीच हवी होती, कुणी विचारलं का?’ पाकिटं रिकामी झाली, मोठ्यांच्या वाट्याला लोणचं आलं, आणि बाईसाहेबांनी रिकामं पाकीट वडिलांच्या वहीवर ठेवून तेलकट हाताने ‘अजून’ म्हटलं.

तेवढ्यात गाडी आली. या खाण्याचा स्टॉल मुद्दामच जनरल डब्यांसमोर लावतात, आणि यांचं आरक्षण गाडीच्या दुसऱ्या टोकाला. आजी, सूनबाई, गुळाची पिशवी आणि काकवीची बाटली डब्यात चढवून गृहस्थ उलट दिशेला पळत सुटले. सुटे पैसे नव्हते, तर पन्नासची नोट टाकून तिसरं पाकीट उचललं, परत यायला वळले तोवर शिट्टी झाली होती. खिडकीतून आजी हात हलवून ‘पळ, पळ’ म्हणत होती आणि तिच्या मांडीवरच्या बाईसाहेब, वडिलांना असं जोरात पळताना पहिल्यांदाच पाहत असल्यामुळे, टाळ्या पिटत होत्या.